साळईचा सुगंध आणि मोठचा रस्ता

झाशीहून कानपूरकडे निघालेला रस्ता चिरगाव मागे टाकून पन्नासेक किलोमीटरवर मोठला पोहोचतो आणि पुढे पूँछ, उरई, काल्पी करत यमुनेकडे जातो. पश्चिमेला पहूज आणि पूर्वेला बेतवा, अशा दोन नद्यांच्या मधला हा मोठ तालुका काळ्या जमिनीचा, गहू-हरभऱ्याचा. धुपाच्या झाडांचे जंगल इथे नाही. साळई उगवते दक्षिणेला ललितपूरच्या विंध्याच्या टेकड्यांवर आणि पश्चिमेला शिवपुरीच्या बाजूच्या खडकाळ पठारांवर. गुग्गुळाची काटेरी झुडपे वायव्येला चंबळच्या बेहडांत. अत्तराच्या भट्ट्या उत्तरेला, गंगेकाठच्या कनौजमध्ये. मोठ या सगळ्यांच्या मध्ये आहे, आणि म्हणूनच सुगंधी राळेच्या इतिहासाचा विचार करायला ही जागा योग्य आहे. आपल्याकडे सुगंधाचा इतिहास बहुधा दोन टोकांवरून लिहिला गेला. एक टोक बंदराचे, जिथे अरबस्तानातला आणि सोमालियातला लोबान गलबतांतून उतरला. दुसरे टोक भट्टीचे, जिथे अत्तर गाळणारा गंधी बसला आणि ज्याच्या हातची कुपी राजवाड्यात गेली. या दोन्ही टोकांपासून दूर, जिथून माल निघाला ते झाड आणि त्याला खाच पाडणारा माणूस इतिहासात क्वचितच दिसतो. घेणाऱ्याचे ज्ञान ग्रंथात गेले, काढणाऱ्याचे ज्ञान जंगलात राहिले. आज साळई आणि गुग्गुळ या दोन्ही झाडांवर जी वेळ आली आहे तिचे मूळ या जुन्या तुटलेपणात आहे, असे मला मांडायचे आहे.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. साळईच्या खोडातून पाझरतो तो चीक तीन गोष्टींचा बनलेला असतो: पाण्यात विरघळणारा डिंक, मद्यार्कात विरघळणारी राळ आणि वाफेबरोबर उडणारे तेल. निखाऱ्यावर टाकला तर तिन्ही एकदम जळतात आणि धूर होतो. भट्टीत पाण्याबरोबर उकळला तर फक्त तेल हाती येते. मद्यार्कात भिजवला तर राळ आणि तेल मिळून एक जड, चिकट अर्क निघतो. नैसर्गिक अत्तरे करणाऱ्याला या शेवटच्या अर्काचे मोल विशेष, कारण फुलांचा आणि लिंबूवर्गी तेलांचा वास लवकर उडतो, त्याला राळेचे जड घटक धरून ठेवतात. म्हणजे राळ स्वतः वास देते आणि दुसऱ्याचा वास टिकवतेही. हे दुहेरी काम कोणत्याही फुलाला जमत नाही, आणि त्यामुळेच जगातल्या जवळजवळ प्रत्येक सुगंधपरंपरेत राळ आहे. अरबस्तानात आणि सोमालियात लोबान आणि बोळ, सुमात्रा आणि सयाममध्ये ऊद, हिमालयाच्या पायथ्याशी आणि मध्य भारतात शालाची राळ, सह्याद्रीत काळा धूप, आणि मध्य भारताच्या कोरड्या टेकड्यांवर साळई.

साळईचा चीक काढण्याचे काम पावसाळा सरल्यावर सुरू होते आणि उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत चालते. या काळात झाड निष्पर्ण असते, साल कागदासारखी सुटते, आणि उन्हाने चीक पातळ होऊन वाहतो. जमिनीपासून थोड्या उंचीवर सालीची एक अरुंद पट्टी काढतात, लाकडाला धक्का लावत नाहीत, आणि काही दिवसांनी तीच खाच वरच्या बाजूला थोडीथोडी ताजी करतात. घेर पुरेसा झालेल्या झाडालाच हात लावायचा आणि दोन-तीन हंगामांनंतर त्याला विश्रांती द्यायची, हा चांगल्या कामाचा नियम. जमलेला चीक बांबूच्या टोपलीत महिनाभर ठेवला की पातळ भाग खाली गळतो आणि वर घट्ट राळ उरते. मग ती फोडून, साल-माती वेगळी करून, रंग आणि पारदर्शकतेप्रमाणे तिची प्रत लावतात. चांगल्या वाढलेल्या झाडापासून वर्षाला साधारण एक किलो माल मिळतो. या सगळ्यात निर्णय पावलोपावली आहेत: कोणते झाड, किती खोल, किती दिवसांनी, कधी थांबायचे. ललितपूर, शिवपुरी आणि श्योपूरच्या पट्ट्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले ते मुख्यतः सहरिया. भट्टीवरचा गंधी जितका कारागीर, तितकाच हा माणूस कारागीर आहे. फरक इतकाच की त्याच्या कारागिरीवर कोणी ग्रंथ रचला नाही.

ग्रंथ रचले गेले ते घेणाऱ्यांसाठी, आणि ते विपुल आहेत. सहाव्या शतकात उज्जैनच्या परिसरात वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधयुक्तीवर एक अध्याय लिहिला. त्यात सोळा द्रव्यांचा कोष्टकासारखा पट मांडून त्यांतून १,७४,७२० गंध कसे होतात याचा हिशेब आहे. गुग्गुळ आणि राळ यांचा धूप देण्याचेही सांगितले आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात राजाच्या उपभोगांमध्ये धूप येतो, आणि त्याचे चूर्ण, पिंड आणि वर्ती असे प्रकार येतात. गंगाधराच्या गंधसारात सुगंधद्रव्यांवरच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. त्यांतली धूपन ही राळेचीच क्रिया आहे. इथे धूप देवापुढे जाळण्यासाठी नाही. दुसऱ्या द्रव्याला धुरी देऊन त्याच्यात गंध मुरवण्यासाठी आहे. बाळंतिणीला आणि बाळाला शेगडीवर धूप, ओवा, वेखंड टाकून धुरी देणारी मराठी घरे हीच क्रिया करत आली, फक्त तिला शास्त्राचे नाव त्यांनी दिले नाही.

या परंपरेत मराठीचा वाटा आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात चार दशके क्यूरेटर राहिलेले परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४० च्या दशकात भारतीय सुगंधशास्त्राच्या इतिहासावर एकामागून एक लेख लिहिले. त्यांनी उजेडात आणलेल्या हस्तलिखितात गंगाधराच्या गंधसाराबरोबर अज्ञात लेखकाचा गंधवाद आहे, आणि त्या गंधवादावर मराठी टीका आहे. गोड्यांनी तिचा काळ १३५० ते १५५० च्या दरम्यान धरला. पुढे १९८९ मध्ये वडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने हे दोन्ही ग्रंथ संपादित करून छापले. पाच-सहा शतकांपूर्वी कोणीतरी संस्कृत पाठ समोर ठेवून गंध करण्याची रीत मराठीत समजावून सांगत होते, याचा अर्थ हे ज्ञान केवळ दरबारी नव्हते. मराठी वाचणारा आणि हाताने काम करणारा वर्ग त्याला होता. पण याच ग्रंथांची दिशा माझ्या मुद्द्याला पुरावा आहे. गंधसाराचा एक अख्खा भाग द्रव्यांची नावे आणि त्यांची परीक्षा यांसाठी आहे. माल खरा की खोटा, चांगला की हलका, हे ओळखायचे कसे, हा बाजारात उभ्या असलेल्या माणसाचा प्रश्न आहे. झाड कुठे वाढते, त्याला किती विश्रांती द्यावी, कोणत्या खाचेने ते मरते, हा प्रश्न त्या ग्रंथांचा विषयच झाला नाही. निघंटूंनी साळईला गजभक्ष्या म्हटले, कारण हत्तीला ती आवडते, हे निरीक्षण जंगलातले आहे; पण निरीक्षण तिथेच थांबले.

व्यापाराचे कागद पाहिले तरी हेच दिसते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या पेरिप्लसमध्ये सिंधूच्या मुखाजवळच्या बार्बरिकॉन बंदरातून आणि भडोचमधून गुग्गुळ परदेशी जात असल्याचे नोंदवले आहे, आणि त्याच किनाऱ्याला लोबान उतरत होता. सोपारा, कल्याण, चौल ही नावेही त्याच ग्रंथात आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी हा देश राळ घेत होता आणि देतही होता. अबुल फझलने आईन-ए-अकबरीत बादशाही सुगंधखान्याची नोंद करताना सुगंधी गुग्गुळ हिंदुस्थानात सर्वत्र मिळतो असे लिहिले. ‘सर्वत्र मिळतो’ ही त्या काळची खरी स्थिती असेल, पण तीच समजूत पुढे घातक ठरली. जी वस्तू सर्वत्र मिळते तिचे झाड जपावे असे कोणाला वाटत नाही. जपावी लागते ती दुरून येणारी, महाग वस्तू. लोबानाला पेटी मिळाली, गुग्गुळाला पोते मिळाले.

आता मराठ्यांच्या बुंदेलखंडाकडे येऊ. छत्रसालाच्या मदतीला बाजीराव १७२९ मध्ये धावला आणि त्यानंतर बुंदेलखंडाचा मोठा भाग पेशव्यांकडे आला. १७४२ मध्ये नारो शंकर झाशीला सुभेदार झाले. त्यांनी किल्ला वाढवला, शहर वसवले, दक्षिणेतून आणि आसपासच्या मुलुखातून माणसे आणली. याच काळात मोठचे नाव इतिहासात ठळकपणे येते. १९०९ च्या झाशी गॅझेटियरनुसार राजेंद्रगिर गोसावी याने १७४५ च्या सुमारास मोठला आपले ठाणे करून तिथे गढी बांधली आणि ११४ गावांवर अंमल बसवला. चार-पाच वर्षांत नारो शंकराने त्याला हुसकावले आणि तो अवधच्या सफदरजंगाकडे गेला. अठराव्या शतकातले गोसावी हे केवळ शस्त्रधारी संन्यासी नव्हते. मिर्झापूरसारख्या ठिकाणांहून दख्खनपर्यंत सावकारी आणि व्यापार करणारे त्यांचे मठ होते. त्यांची माणसे सशस्त्र असत, यात्रामार्ग त्यांना ठाऊक असत, आणि मठामठांत पत असे. एका गोसाव्याने नेमके मोठ धरून बसावे याला कारण आहे. झाशी आणि काल्पी यांच्यामधला रस्ता ज्याच्या हाती, त्याच्या हाती विंध्यातून यमुनेकडे जाणारा माल. १८५८ मध्ये झाशी पडल्यावर सर ह्यू रोजची फौज काल्पीकडे निघाली तीही याच बाजूने, पूँछवरून कोंचला. सैन्याला आणि बैलांच्या तांड्याला सोयीचा रस्ता एकच असतो.

इथे एक आक्षेप रास्त आहे. मोठ हे धुपाच्या व्यापाराची पेठ म्हणून प्रसिद्ध नाही. मग त्याला या इतिहासात ओढायचे कशाला? याचे उत्तर असे की राळेचा इतिहास पेठेपुरता पाहिला तर तो अर्धाच दिसतो. राळ नासत नाही, वजनाच्या मानाने किमती असते, आणि तिला लागणारी गिऱ्हाईके विखुरलेली असतात. असा माल मोठ्या काफिल्याने न जाता इतर मालाच्या आडोशाने, थोडाथोडा, हातोहात जातो. दक्षिणेच्या टेकड्यांवर तो निघत होता आणि उत्तरेच्या भट्ट्यांत व देवळांत खपत होता, एवढे निश्चित असेल तर मधला टापू हा त्या इतिहासाचा भाग असणारच. शिवाय खप मधल्या टापूतही होता. झाशी, जालौन, सागर या मराठी ठाण्यांभोवती देवळे उभी राहिली, कऱ्हाडे आणि देशस्थ घरे वसली, नित्याच्या पूजेला धूप, होमाला गुग्गुळ आणि तिन्हीसांजेला ऊद लागू लागला. विष्णुभट गोडसे कोकणातल्या वरसईहून १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले ते बायजाबाई शिंद्यांच्या सर्वतोमुख यज्ञाच्या बातमीवर, आणि बंडाच्या वादळात सापडून झाशीला राहिले. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक वाचताना कळते की कोकण आणि बुंदेलखंड यांच्यामध्ये भिक्षुक, सरदार, पत्रे आणि पैसा यांची ये-जा किती सराईत होती. कोकणातल्या घराला बंदराचा ऊद ओळखीचा, बुंदेलखंडातल्या जंगलाला साळई ओळखीची. या मराठी घरांत त्या दोन परंपरा शेजारी आल्या.

इंग्रजी अमलात साळईला प्रथमच जगाच्या शास्त्रात नाव मिळाले, आणि तेही एका गैरसमजातून. १८०७ मध्ये हेन्री टॉमस कोलब्रुकने एशियाटिक रिसर्चेसमध्ये निबंध लिहून प्रतिपादन केले की प्राचीन जगाचा लोबान हा अरबस्तानातला नसून भारतातल्या साळईचाच असावा. रॉक्सबर्गने याच झाडाच्या प्रजातीला बॉस्वेलिया हे नाव दिले. पुढे साठेक वर्षांनी जॉर्ज बर्डवुडने हे मत खोडून काढले. एडनच्या पलीकडून, सोमाली किनाऱ्यावरून आणलेल्या आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया बागेत वाढवलेल्या झाडांवरून त्याने १८७० च्या सुमारास खऱ्या लोबानाच्या जाती वर्णन केल्या, आणि त्यांतल्या एकीला आपले मित्र डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले: बॉस्वेलिया भाऊ-दाजियाना. आज वनस्पतिशास्त्रज्ञ ती जात स्वतंत्र मानत नाहीत, पण एका मराठी डॉक्टरचे नाव काही काळ लोबानाच्या झाडाला होते ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मुंबई तेव्हा सोमाली आणि अरबी लोबानाची मोठी उतारपेठ होती. इथे माल निवडला जाई, प्रत लावली जाई आणि पुन्हा युरोपला रवाना होई. मुंबईतले विल्यम डायमॉक यांनी १८८० च्या दशकात पश्चिम भारताच्या औषधी द्रव्यांची नोंद केली तेव्हा या बाजारातल्या प्रतींचे बारकावे टिपले. पुन्हा तेच घडले. परदेशी झाडाला बागेत जागा, संशोधकाचा निबंध आणि बाजारात प्रतवार पारख मिळाली. देशी झाड ‘ते नव्हे’ एवढे ठरले आणि मागे पडले.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो अधिक वजनदार आहे. साळई मागे पडली ती अन्यायाने नव्हे, ती खरोखरच हलकी आहे. तिचा वास टर्पेंटाइनकडे झुकतो, लोबानाची गोडी तिच्यात नाही, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. यात तथ्याचा अंश आहे. साळईच्या तेलात अल्फा-थुजीन बहुधा सर्वांत जास्त असते, ओमानच्या लोबानात अल्फा-पायनीन. वास वेगळा असणारच. पण वेगळा म्हणजे हलका हा निष्कर्ष घाईचा आहे. जुन्या गंधशास्त्रात द्रव्याची किंमत एकट्याने ठरत नव्हती, योगातल्या कामगिरीवरून ठरत होती. वराहमिहिराचा पट, गंगाधराच्या सहा क्रिया, दोन्हींचा गाभा हाच की कोणते द्रव्य कशाबरोबर, किती आणि केव्हा. साळईचा कोरडा, रानवट, किंचित लिंबाकडे झुकणारा वास वाळ्याबरोबर, नागरमोथ्याबरोबर, दगडफुलाबरोबर जे करतो ते लोबान करत नाही. शिवाय ज्या मालावरून साळईची परीक्षा होते तो बहुधा प्रत न लावलेला, वर्षभर पोत्यात पडलेला, सालीसकट भरलेला माल असतो. उडणारे तेल त्यातून केव्हाच गेलेले असते. ताज्या, नीट निथळलेल्या राळेची आणि जुन्या पोत्यातल्या चुऱ्याची तुलना करून झाडाला दोष देणे बरोबर नाही. दोष असला तर तो झाडापासून पेठेपर्यंतच्या वाटेचा आहे.

विसाव्या शतकात साळईकडे लक्ष गेले खरे, पण सुगंध सोडून बाकी सगळ्यासाठी. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत आर. एस. पिअर्सन आणि पूरण सिंग यांनी १९१८ मध्ये साळईच्या चिकापासून टर्पेंटाइन, राळ आणि डिंक वेगळे करण्याची रीत प्रसिद्ध केली. पूरण सिंग हे पंजाबीतले थोर कवीही होते. त्यांच्या कामाचा रोख मात्र रंग-वार्निशाच्या कारखान्यांकडे होता, कारण पहिल्या महायुद्धाच्या काळात अशा मालाची टंचाई होती. १९५५ मध्ये नेपानगरला देशातला पहिला वर्तमानपत्री कागदाचा कारखाना उत्पादन करू लागला, आणि त्याचा कच्चा माल होता बांबू आणि साळईचे लाकूड. कागदाची देशाला गरज होती, त्यात चूक काढण्यासारखे काही नाही. पण हिशेब पाहावा. उभे झाड वर्षानुवर्षे राळ देते; लगद्यासाठी तोडलेले झाड एकदाच विकले जाते. साळईचे बी फारसे रुजत नाही, ती मुख्यतः मुळांच्या फुटव्यांतून आणि फांद्यांतून वाढते, म्हणून एकदा उजाड झालेली टेकडी सहज भरून येत नाही. खोक्यांची फळी, कोळसा, लगदा आणि अलीकडे सांधेदुखीच्या गोळ्या: साळईचे उपयोग वाढत गेले, पण तिला सुगंधद्रव्य म्हणून ओळख देणारा उद्योग उभा राहिला नाही. सांधेदुखीवर वापरली जाणारी तिची आम्ले उडत नाहीत, त्यांना वास नाही. त्यांच्यासाठी राळ घेणाऱ्याला तेल टिकले की गेले याची फिकीर नसते. त्यामुळे काढणाऱ्याला ताजा माल वेगळा ठेवण्याचे कारणही उरत नाही.

उत्तरेला कनौजमध्ये चित्र निराळे दिसते, पण आतून सारखेच आहे. देग (उकळण्याचे भांडे) आणि भपका (वाफ जमवणारे पात्र) यांनी अत्तर गाळण्याची तिथली रीत अजून जिवंत आहे. शमामासारख्या अत्तरात जटामांसी, कपूरकचरी, दगडफूल असे अनेक कोरडे माल एकत्र गाळले जातात. १९९१ पासून तिथे सुगंध आणि स्वाद विकास केंद्रही आहे. पण चंदनतेल महागले तसा तळाला त्याच्याऐवजी खनिज तेलाचा वापर वाढला, आणि जे तळाचे काम चंदन करत होते ते करायला राळेचा जड अर्क पुढे आणावा असा विचार व्यापक झाला नाही. झाशीपासून काही तासांच्या अंतरावर भट्टी आहे, झाशीच्या दक्षिणेला काही तासांच्या अंतरावर झाड आहे, आणि मधल्या रस्त्यावर मोठ आहे. अंतर भूगोलाचे नाही. भट्टीला झाडाची माहिती नाही आणि झाडाकडच्या माणसाला भट्टीचा पत्ता नाही, हे खरे अंतर.

हे अंतर किती महाग पडते ते गुग्गुळाने दाखवले आहे. ज्याचा उल्लेख अथर्ववेदात आहे, भावप्रकाशाने ज्याचे पाच प्रकार सांगितले, वीरशैवांच्या लग्नात ज्याच्या नावाची मिरवणूक निघते, तो गुग्गुळ आज आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे. हे झुडूप हळू वाढते, चीक घेण्याजोगे व्हायला आठ-दहा वर्षे लागतात. मागणी वाढली तशी खोल खाचा पाडून, मोरचुदासारखी द्रव्ये मिसळलेला लेप भरून एकाच हंगामात होईल तितका चीक ओढून घेण्याची पद्धत पसरली. चीक भरपूर येतो आणि झुडूप मरते. यावरून कोणी म्हणेल की मग काढणाऱ्याच्या ज्ञानाची एवढी थोरवी कशाला, झुडूप मारणारा हात त्याचाच तर आहे. हा आक्षेप टाळता येणार नाही. पण माणूस झाड मारतो केव्हा? पुढच्या वर्षी ते झाड आपल्याला मिळेल याची खात्री नसते तेव्हा. ठेकेदार वजनावर पैसे देतो, प्रतीवर नाही. जंगल कोणाचे हे अनिश्चित असते. आज आपण सोडले तर उद्या दुसरा ओरबाडेल हे दिसत असते. अशा स्थितीत संयम हा तोट्याचा सौदा ठरतो. ज्ञान नाहीसे झालेले नसते, ते वापरणे परवडेनासे होते.

यावर आणखी एक सोपे उत्तर पुढे येते: झाडांना हात लावणेच बंद करा, सुगंध प्रयोगशाळेत करा. कृत्रिम द्रव्यांनी सुगंध स्वस्त केला आणि अनेक प्राण्यांचा जीव वाचवला हे मान्य. पण बिनमोलाचे झाड जंगलात उभे राहत नाही, हे साळईच्या बाबतीत नेपानगरच्या काळापासून आपण पाहिले आहे. राळेचे मोल संपले की टेकडी सरपणाची, कोळशाची किंवा खाणीची होते. झाड वाचते ते त्याच्यापासून दरवर्षी काही मिळत असेल, आणि ते मिळणे त्याला जपणाऱ्याच्या हातात असेल तेव्हा. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरची मालकी गोळा करणाऱ्यांना दिली ती याच तत्त्वावर. पण हक्काची वाट ओळखीवरून जाते, आणि तिथे सहरियांची स्थिती विचित्र आहे: मध्य प्रदेशात ते अनुसूचित जमात आहेत, उत्तर प्रदेशात मात्र २००२ च्या दुरुस्ती कायद्याने ही मान्यता केवळ ललितपूर जिल्ह्यापुरती मिळाली. १९७४ पर्यंत ललितपूर झाशी जिल्ह्याचाच भाग होता. म्हणजे एकाच जुन्या जिल्ह्यातल्या, एकच काम करत आलेल्या लोकांपैकी काहींना कायदा एका नजरेने पाहतो आणि काहींना दुसऱ्या.

या सगळ्याचा अर्थ असा की राळेचा प्रश्न केवळ वासाचा नाही, नावाचा आणि हक्काचाही आहे. ‘धूप’ एवढाच शब्द लिहून बाजारात साळई, शालाची राळ, चीड, काळा धूप आणि त्यांची मिसळ एकाच भावाने विकली जाते, तोवर चांगली खाच पाडणाऱ्याला आणि झाड मारणाऱ्याला एकच दाम मिळणार. गंधसाराच्या कर्त्याने परीक्षेचे प्रकरण लिहिले ते खरेदीदाराला फसवणुकीपासून वाचवण्यासाठी. आज त्याच परीक्षेची गरज झाडासाठी आहे: माल कोणत्या जातीचा, कोणत्या टेकडीवरचा, कोणत्या हंगामाचा, कोणत्या गावच्या लोकांनी काढलेला, हे पोत्यावर लिहिलेले असणे. याला मोठा खर्च लागत नाही. रांचीत १९२४ मध्ये लाखेच्या कामासाठी सुरू झालेली संशोधन संस्था पुढे राळ-डिंकाकडे वळली. झाशीत १९८८ पासून कृषिवानिकीचे संशोधन केंद्र आहे आणि बुंदेलखंडातल्या शेताच्या बांधावर डिंकाची झाडे लावण्यावर त्याने काम केले आहे. शास्त्र आहे, भट्टी आहे, रस्ता आहे, आणि सहरियांच्या हातात अजून कौशल्यही आहे. ते एकमेकांना जोडणारी खरेदी नाही.

ती खरेदी सरकारने सुरू करावी असे म्हणून थांबणे सोपे आहे, पण या धंद्याचा सगळा इतिहास सांगतो की गिऱ्हाईक जे विचारते तेच बाजार सांभाळतो. मुंबईच्या पेठेने सोमाली लोबानाच्या प्रती सांभाळल्या, कारण युरोपचे गिऱ्हाईक त्या विचारत होते. मराठी घर रोज धूप जाळते, गणपतीत किलोकिलोने जाळते; नैसर्गिक अत्तरांची आवड असलेले नवे गिऱ्हाईकही आता मोठ्या संख्येने आहे. त्यांनी दुकानात एकच प्रश्न विचारायला सुरुवात करावी: हा धूप कोणत्या झाडाचा आणि कुठल्या जंगलाचा? ज्या दुकानदाराला उत्तर देता येईल त्याच्याकडून घ्यावा, चार पैसे जास्त द्यावेत. देवापुढे जळणाऱ्या राळेसाठी एक झाड मेले नाही, एवढी खात्री करून घेणे हा पूजेचाच भाग मानावा.